मधातवाले सर

सरांनी चष्मा काढला की समजायचं, आता हे भांडणात शिरणार. शेजारी जो कोणी उभा असेल त्याच्या हातात चष्मा द्यायचा, शर्टाचं गळ्याजवळचं बटन लावायचं आणि जिकडून आवाज येतोय तिकडे चालू लागायचं, हा त्यांचा ठरलेला क्रम. पळत कधी गेले नाहीत. नवरा-बायकोचं असो, शेताच्या धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं असो, नाहीतर दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत दोन जिलेबीवाल्यांचं जागेवरून जुंपलेलं असो, सरांची चाल तीच. घरातून त्यांची बायको कपाळाला हात लावून म्हणायची, "निंगाले!" आणि गॅस बारीक करायची, कारण आता जेवायला कधी वाढावं लागेल याचा भरवसा नसायचा.

चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी ज्या नहराने खाली येतं, त्या नहराच्या जवळजवळ शेवटाला आमचं गाव आहे. सर तिथल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. मुलं त्यांना नुसतं सर म्हणायची, गाव मात्र मधातवाले सर म्हणायचं. मधात म्हणजे मध्ये. आमच्याकडे मध्ये कोणी जात नाही, मधातच जातात. एखाद्या घरी दोन दिवस धुसफूस चालली की शेजारीण दारातूनच विचारायची, "सरले सांगू का?" एवढ्यानेच कित्येक घरं शांत झाली असतील. सर आले की दोघांनाही आपापलं म्हणणं पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि सांगता सांगता ते किती फालतू आहे हे आपलं आपल्यालाच कळतं, याचा अनुभव गावात पुष्कळांना होता.

हे सर माझे सख्खे काका होते, आणि मी त्यांना जवळजवळ जन्मभर सर म्हटलं. माझे बाबूजी थोरले, सर धाकटे. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. मला समज आली तेव्हापासून बोलत नव्हते. एकाच आवारात दोन घरं, मधे बांबूच्या कमच्यांचं कुंपण आणि कुंपणावर दोडक्याचा वेल. वेल आमच्या बाजूने लावलेला, पण दोडके तिकडेही लागायचे. साऱ्या गावाची भांडणं मिटवणाऱ्या माणसाचं स्वतःचं एवढं एक मिटत नव्हतं, आणि लहानपणी मला दुसरं काही नकोच होतं. दिवाळीला फटाके नकोत, मंडईत पाळणा नको, माझ्या बाबूजींनी आणि काकांनी एकदा बोलावं, एवढंच मी देवाजवळ मागायची.

माय आणि काकूंनी हे भांडण कधी मानलंच नाही. कुंपणावरून वाट्या इकडून तिकडे जायच्या. काकूंच्या हातचे लाखोरीच्या डाळीचे वडे आमच्या ताटात आले की पहिल्या घासालाच बाबूजी ओळखायचे. म्हणायचे काही नाहीत, पण आणखी एक मागून घ्यायचे. माय तोंड फिरवून हसायची.

आमच्या घरातली आणखी एक गोष्ट होती, ती मात्र कुंपणापलीकडे जाऊ द्यायची नव्हती. बाबूजींना डाव्या कानाने अजिबात ऐकू यायचं नाही. मी पाटी घेऊन बसायची तीसुद्धा त्यांच्या उजवीकडे. रस्त्यात डावीकडून कोणी रामराम केला तर बाबूजी तसेच पुढे जायचे, आणि लोक म्हणायचे, "लई अकडू मानूस हाय." बाबूजींनी अकडू म्हणवून घेतलं, बहिरा म्हणवून घेतलं नाही. मला वाटायचं, हा त्यांचा ताठा. माय बजावून सांगायची, "कोनाले सांगाचं नाही. काकूले तं बिलकुल नाही." का, असं विचारलं की तिचं उत्तर एकच, "तुले काय कराचं हाय?"

नववीत सर आम्हाला इंग्रजीला आले. शब्दाचा अर्थ ते फळ्यावर लिहीत नसत. "अर्थ लिवून काय होते बे? मी उभा करून दाखवतो," असं म्हणायचे. त्या दिवशीचा शब्द होता इंटरव्हीन. सरांनी दोन मुलांना पुढे बोलावलं, त्यांच्या हातात एका दुपट्ट्याची दोन टोकं दिली आणि सांगितलं, भांडा. दोघंही आनंदाने भांडू लागली. मग तिसऱ्याला म्हणाले, "जा, मधात पड." तिसरा त्यातल्या एकाचा जिवलग. त्याने मागून जाऊन आपल्या दोस्ताचे दोन्ही हात घट्ट धरले. समोरच्याने संधी साधून दुपट्ट्याचा फटकारा दिला तो नेमका त्या बिचाऱ्या दोस्ताच्या तोंडावर. वर्ग खो खो हसला.

सर हसले नाहीत. त्यांचा आवाज चढलेला आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "आपल्या मानसाचे हात धराचे नाही! थ्याच्यावर आपला हक्क हाय म्हनून आपन थ्यालेच धरतो. समोरच्याचे हात मोकळेच राहातात. मंग मार कोनाले पडन, सांग?" सरांनी स्वतः मधे उभं राहून दाखवलं, दोघांकडे तोंड करून, दोन्ही हात पसरून. दुपट्ट्याचा एक फटका त्यांच्या खांद्याला लागला तेव्हा म्हणाले, "हां, आता झालं इंटरव्हीन. मधात गेला अन् एक बी धक्का लागला नाही, तं थो फिराले गेला होता."

त्या एका क्रियापदावर सर आठवडाभर बसले. धडा मागे पडला तरी त्यांना फिकीर नव्हती. इंटरव्हीन आणि इंटरफियर यातला फरक त्यांनी जसा सांगितला तसा मला पुढे कोणत्याही पुस्तकात सापडला नाही. "भांडन मिटलं का निंगाचं. मिटल्यावर चहा प्याले जो थांबते, थो इंटरफियर." एके दिवशी म्हणाले, दोन जागांच्या मधे जे पसरलेलं असतं तेही इंटरव्हीन करतं. "तलाव अन् आपलं गाव, याच्या मधात काय हाय?" कोणी नहर म्हणालं, कोणी जंगल. मागच्या बाकावरून आवाज आला, "पानठेला, सर!" सर म्हणाले, "बराबर. पानठेला इंटरव्हीन करते, म्हनून तर तू रोज शाळेत उशिरा येते."

शनिवारी त्यांनी शेवटचा अर्थ घेतला. दोन गोष्टींच्या मधे काळ जातो, त्यालाही इंग्रजीत हाच शब्द आहे म्हणाले. "मानसंच मधात येत नाही, सालं बी येतात. मानसाले हाताला धरून बाजूले करता येते. सालाले काय धरशीन?" एवढं बोलून त्यांनी पुस्तक मिटलं आणि त्या दिवशी कोणालाच प्रश्न विचारले नाहीत. वर्गात बाकीच्यांना ते एक वाक्य होतं. मला मात्र आमचं कुंपण दिसलं.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी हिंमत करून त्यांच्याकडे गेले. ते नळावर हात धूत होते. म्हटलं, "सर, बाबूजीले तुमचं काही सांगू का?" त्यांनी हात पुसले, इकडेतिकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "नाही. मधात जानं वेगळं अन् मधात घालनं वेगळं. लेकराले मधात घालते थो मानूस कामाचा नाही. तू मोठी हो. मंग तुले वाटलं तं आपल्या पायानं येजो. मी बोलावनार नाही." मला रडू यायला लागलं होतं. तेवढ्यात पलीकडे दोन पोरांची जुंपली. सरांनी चष्मा काढला, माझ्या हातात दिला, म्हणाले, "धर," आणि निघाले. माझ्या काकांनी मला दिलेली ती पहिली वस्तू, आणि तीही परत करायची होती. मी ती दोन्ही हातांनी धरून उभी राहिले.

भांडणाची हकीकत मला मायने सांगितली, मी वकिलीच्या शिक्षणासाठी गोंदियाला निघाले तेव्हा. माझ्या जन्माआधीची गोष्ट. पावसाने दडी मारलेली, धान गर्भावर आलेला, आणि नहराच्या पाण्याच्या पाळीवरून बाबूजींचं वरच्या शेतवाल्याशी लागलं. शब्दाने शब्द वाढला. काका तेव्हा नुकते मास्तर झालेले. शाळेतून सायकलवर येत होते, त्यांनी हे पाहिलं, सायकल टाकली, धावत गेले आणि मागून बाबूजींचे दोन्ही हात धरले. बाबूजी अडकले. समोरच्याच्या हातात काठी होती. ती डाव्या कानावर बसली.

मारणारा दोन महिन्यांनी घरी येऊन पाया पडला. बाबूजींनी त्याला चहा पाजला. पुढे त्याच्या पोरीच्या लग्नात जाऊन जेवूनही आले. ज्याने मारलं त्याच्याशी बाबूजी बोलले, ज्याने हात धरले त्याच्याशी बोलले नाहीत. "अन् कान?" मी विचारलं. माय म्हणाली, "कान गेला हे थ्यायनं कोनालेच नाही सांगितलं. दवाखान्यात बी मलेच घेऊन गेले, लपून." तेव्हा मला वर्गातला तो दुपट्टा आठवला आणि सर का हसले नव्हते ते समजलं. त्यांना फक्त एवढं माहीत होतं की आपल्यामुळे भावाने मार खाल्ला. भावाचा कान गेला हे त्यांना माहीतच नव्हतं.

पाण्याचं मात्र दोघांनी कधी अडू दिलं नाही. वाटणीत सरांचं शेत वर आलं होतं, आमचं खाली. नहराचं पाणी सरांच्या बांध्यांतूनच, म्हणजे धानाच्या वाफ्यांतूनच आमच्याकडे यायचं. पाळी आली की सर पहाटेच जाऊन आपल्या धुऱ्याला तोंड फोडायचे. स्वतःची शेवटची बांधी भरायच्या आधी आमच्याकडे पाणी सोडायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बाबूजी शेतावर पोचायचे तेव्हा धुऱ्यावर ओल्या पावलांचे ठसे असायचे, माणूस नसायचा. बाबूजी त्या ठशांवर पाय न देता बाजूने जायचे. घरी येऊन मायला म्हणायचे, "आलं पानी." कोणी सोडलं, हे मायने कधी विचारलं नाही.

मी वकील झाले, गोंदियाच्या कोर्टात काम करू लागले. सुट्टीला घरी आले की आता मी उघडपणे सरांकडे जायची. बाबूजी अडवत नव्हते. फक्त परत आल्यावर पेपर वाचतावाचता विचारायचे, "खोकला कमी हाय का?" कोणाचा, ते बोलायचे नाहीत. एकदा मी सरांना सांगितलं की कोर्टातही तुमचा शब्द आहे. दोघांच्या दाव्यात तिसऱ्याला यायचं असेल तर त्याने अर्ज करायचा, आणि कोर्टाने परवानगी दिली की त्याने मधे यायचं. सरांना हे फार गमतीचं वाटलं. "परवानगी? थो अर्ज लिवते तवरिक इकडं डोकं फुटलं अस्तं ना बाई!" मग म्हणाले, "पन आपल्या पायानं येते ना? मंग चालते." पुढे किती दिवस ते मला पाहिलं की विचारायचे, "कोनी केला का अर्ज?"

निवृत्त झाल्यावरही त्यांचं मधात जाणं सुटलं नाही. एकदा मी पाहिलं, हातात मोबाइल घेऊन ते दोन जावांच्या मधे उभे होते. एकीने व्हॉट्सअ‍ॅपवर काहीतरी टाकलं होतं आणि दुसरीला ते झोंबलं होतं. सर दोघींना म्हणत होते, "हे आता तोंडानं बोला पाहू." दोघींनाही ते तोंडाने बोलता येईना. शेवटी त्यातल्या धाकटीला हसू फुटलं. लगेच सर निघाले. मोठी म्हणाली, "सर, चहा?" सर मागे न वळता म्हणाले, "नाही बाई, मंग थे इंटरफियर होते." ती बिचारी आजही लोकांना विचारते, चहाचं इंग्रजी नाव इंटरफियर आहे का म्हणून.

मग गेल्या वर्षी सरांची छाती दुखू लागली. नागपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि जिना, धावपळ, राग, सगळं बंद सांगितलं. सर अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसू लागले. त्यांचा चेहरा खुर्चीच्या रंगासारखा पांढरा पडत चालला होता. मी दर शनिवारी येऊ लागले.

अशाच एका शनिवारी संध्याकाळी पानठेल्यावर मोठी आरडाओरड झाली. आम्ही जेवायला बसत होतो. आवाज वाढत गेला, कोणीतरी शिवी दिली, काचेचं काहीतरी फुटलं. बाबूजींनी घास हातातच धरला. ते उजवा कान कुंपणाकडे करून ऐकत होते. पानठेल्याकडे नाही, कुंपणाकडे. पलीकडून ना काकूंचं "निंगाले" आलं, ना चपलांचा आवाज. बाबूजींनी घास ताटात ठेवला आणि माझ्यासमोर आयुष्यात पहिल्यांदा धाकट्या भावाचं घरातलं नाव घेतलं. "आज मुन्ना गेला नाही काऊन?"

मायने मान खाली घातली. मी म्हटलं, "थ्यायले उठवत नाही आता, बाबूजी." पानठेल्यावरचा दंगा आपोआप विझला, तरी बाबूजी तसेच बसलेले. मला राहवलं नाही. म्हटलं, "बाबूजी, थ्यायनं तुमचे हात धरले, हे थ्यायले अजून खुपून राहिलं. अन् तुमी..."

"मले माहीत हाय," बाबूजी म्हणाले. "फावडा माया हातात होता त्या दिवशी. थ्यानं धरलं नसतं तं मी थ्या मानसाचं डोकं फोडलं अस्तं अन् जेलात गेलो अस्तो. हे मले तवाच समजलं होतं."

"मंग बोलले काऊन नाही?"

"पयलं साल राग होता. मंग राग गेला, पन कान नाही आला. बोलनं चालू केलं अस्तं तं एका दिवसात समजलं अस्तं थ्याले. मुन्ना हाय थो. आपल्यापायी भावाचा कान गेला, हे थ्याले समजलं अस्तं तं थो मंग कोनाच्याच भांडनात गेला नस्ता. कधीच." ताटाकडे पाहत ते पुढे म्हणाले, "गावाले अकडू दिसलो, दिसलो."

इतकी वर्षं मी ज्याला ताठा समजत होते तो हा होता. रोज कोर्टात माणसांचं खरंखोटं ऐकणारी मी, घरातलं एवढं खरं मला ओळखता आलं नव्हतं. ताट उचलून आत गेले आणि नळ सोडून रडले.

सकाळी मी बाबूजींना काही म्हटलं नाही. चला म्हणून त्यांचा हात धरला असता तर सरांनीच मला रागे भरलं असतं. मी एकटीच सरांकडे जाऊन बसले. काकूंनी शेवया केल्या होत्या. थोड्या वेळाने फाटक वाजलं. बाबूजी रस्त्याने फिरून, एखाद्या पाहुण्यासारखे आले होते. पांढरा शर्ट, केस ओले करून बसवलेले. कोणाकडेही न पाहता त्यांनी विचारलं, "नहराचं पानी कवा सुटते म्हन्ते?" काकूंच्या हातातला चमचा खाली पडला. सर खुर्चीच्या दांड्यांवर जोर देऊन अर्धवट उठले आणि परत बसले. मी एक खुर्ची ओढून दिली. घाईत ती सरांच्या उजव्या हाताला ठेवली गेली, आणि बाबूजी तीत बसले ते वेलाकडे तोंड करून. त्यांचा डावा कान सरांकडे होता.

जगाच्या भांडणात अडकलेल्यांना बोलतं करणारे सर स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहत होते. मग एकदम खाली मान घालून, जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात ते म्हणाले, "दादा, मायं चुकलं. मी तुयेच हात धरलो."

बाबूजी वेलावरच्या दोडक्यांकडे पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. सरांनी मान वर करून भावाकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा मी पाहिला. ज्या वाक्यासाठी त्यांनी सगळं आयुष्य घालवलं ते बोलून झालं होतं, आणि त्याला उत्तर आलं नव्हतं. सरांनी हळूहळू मान हलवली, बरोबरच आहे असं स्वतःला सांगत असल्यासारखी. आणखी एक क्षण गेला असता तर ते उठून आत गेले असते.

बाबूजींचं गुपित राखायचं की सरांचं बोलणं पोचवायचं, हे मला तेवढ्यात ठरवायचं होतं. फार विचार केला असं म्हणवत नाही. तोंडातून निघून गेलं.

"काका," मी म्हटलं, "बाबूजीले त्या कानानं आयकू येत नाही. इकडून बोला."

बाबूजींनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं त्यांनी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. मधात गेलं की धक्का लागतो, तो मला लागला. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा भावाच्या कानाकडे. "कवापासून?" त्यांनी विचारलं. काठी कोणत्या कानावर बसली ते त्यांनी पाहिलं होतं. मग त्यांनी चष्मा काढला, माझ्या हातात दिला, गळ्याजवळचं बटन लावायचा प्रयत्न केला, ते लागेना, तसंच सोडलं. डॉक्टरांनी उचलू नका म्हटलेलं असताना आपली खुर्ची स्वतः उचलली आणि बाबूजींच्या उजव्या बाजूला नेऊन ठेवली.

मी उठले आणि चालू लागले. काकूही स्वयंपाकघरात गेल्या. ते दोघं काय बोलले ते मला माहीत नाही, मी कधी विचारलंही नाही. घरी पोचले तर माय कुंपणाकडे पाठ करून मिक्सर चालवत होती, भांड्यात काहीच नव्हतं. संध्याकाळी काकू कुंपणावरून हात पुढे करून म्हणाल्या, "चष्मा दे वं, थ्यायले पेपर वाचाचा हाय." चष्मा दिवसभर माझ्या मुठीतच राहिला होता.

त्यानंतर रोज सकाळी बाबूजी तिकडे जाऊन बसायचे. फाटकाने फिरून जाणं त्यांना जिवावर यायचं म्हणून त्यांनी कुंपणाच्या चार कमच्या काढून टाकल्या. दोघं पोवारी बोलीत बोलायचे, बहुतेक शेतीचं आणि लहानपणचं, आणि पुष्कळ वेळ काहीच नाही. एकदा पानठेल्यावर पुन्हा गलका झाला. काकांनी सवयीने चष्मा काढला, उठायला गेले, उठवेना. बाबूजींनी त्यांच्याकडे पाहिलं, आपल्या शर्टाचं वरचं बटन लावलं आणि निघाले. अख्ख्या गावाने तोंडात बोट घातलं. परत आले तेव्हा बाहीची शिवण उसवलेली. काकांनी विचारलं, "कोनाचे हात धरलास?" बाबूजी म्हणाले, "कोनाचेच नाही. मधात उभा राहिलो." मग दोघं म्हातारे इतके हसले की काकू गोळी घेऊन धावत आल्या.

एकच खरीप त्यांना मिळाला. हलका धान कापणीला आला आणि काका गेले. शेवटच्या पाळीचं पाणी त्या वर्षी बाबूजींनी वर जाऊन, काकांच्या धुऱ्याला तोंड फोडून आणलं होतं.

आता गावाला सगळं माहीत आहे. लोक भेटायला येतात तेव्हा मुद्दाम बाबूजींच्या उजवीकडे खुर्ची ओढतात, आणि बाबूजी त्यांना तिथे बसू देत नाहीत. "इकडून बोला, जोरानं बोला," असं म्हणत बहिऱ्या बाजूला बसवतात. लोकांना वाटतं, वय झालं, विसरतात. परवा मीही जन्माच्या सवयीने उजवीकडे जाऊन बसले. बाबूजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "थे बाजू मुन्नाची हाय."

मी उठले, खुर्ची डावीकडे आणली, आणि चहा घेता का म्हणून ओरडून विचारलं.